तिसऱ्या फ्रेमनंतर

१

मी कुठल्याही गोष्टीचे तीन फोटो काढतो. पहिला हात बसावा म्हणून, दुसरा मनापासून आणि तिसरा आपला असावा म्हणून. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं प्रत्येक कागद तीन प्रतींत काढला, त्याची ही खोड. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात, मी कॅमेरा घेतला. रविवारी पहाटे आमची हौशी मंडळी हिप्परग्याच्या तलावावर पक्ष्यांच्या मागं लागतात. मलाही नेतात, पण पक्षी काही माझ्यासाठी थांबत नाहीत. तिसऱ्या फ्रेमपर्यंत नुसतं पाणी उरतं. म्हणून मी थांबणाऱ्या गोष्टींचे फोटो काढतो. दारं, खुर्च्या, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आणि चंद्रिका.

चंद्रिका माझी बायको. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. उत्तर कसब्यात पुढची खोली, मधलं स्वयंपाकघर, मागची खोली आणि वर गच्ची, एवढ्यात आम्ही दोघंच. ती फारशी बोलत नाही आणि मी फारसा ऐकत नाही, म्हणून आमचं बरं चाललंय, असं मी लोकांना हसत हसत सांगायचो. लोकही हसायचे.

मार्चच्या सुरुवातीची दुपार होती. मंगळवेढ्याहून नव्या ज्वारीचं पोतं आलं होतं आणि ती मागच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसून सुपात ज्वारी निवडत होती. ती खिडकी पश्चिमेची. दुपार कलली की ऊन थेट आत येतं आणि कट्ट्यावर सांडतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. उजवीकडं गच्चीच्या जिन्याचं दार, कडी लावलेलं. मी दारात उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावला.

पहिल्या फ्रेममध्ये तिची नजर सुपात होती. दुसरीत तिनं मान किंचित वर केली, कुणी हाक मारल्यासारखी, पण अजून कुणाकडं बघितलं नव्हतं. तिसरीत तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पुरे की आता."

मी पुढच्या खोलीत जाऊन संगणक लावला. दुसरी फ्रेम निवडली, 'दुपार' असं नाव दिलं आणि फोटोंच्या साइटवर टाकली. त्यानंतर ती दुपार मागच्या खोलीत कशी गेली, ते मला माहीत नाही. मी मागं वळून बघितलंच नाही.

२

नवव्या दिवशी मेल आला. 'नमस्कार सर. आपल्या 'दुपार' या छायाचित्रानं आमची अख्खी टीम थबकून गेली. आम्ही गाद्या-उशा बनवतो. आमच्या नव्या जाहिरातीत हे छायाचित्र वापरू का? यासाठी मोबदल्याची तरतूद नाही, पण आपलं नाव ठळकपणे देऊ. आपला, ऋतुराज.'

कंपनीचं नाव सांगत नाही. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतर पुष्कळ शोधलं, तर त्या एका मेलच्या पत्त्याशिवाय काही हाती लागलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला आभाळ ठेंगणं झालं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांखाली माझी टिपणं गेली. माझं नाव ठळक म्हणून कुठं आलं असेल तर ते निरोपसमारंभाच्या फळ्यावर, आणि तिथंही 'गुरुसिद्दप्पा' मधला एक द खाल्ला होता. मी तो मेल तीनदा वाचला आणि लगेच होकार कळवला.

उलट टपाली एक कागद आला. छायाचित्रातील व्यक्तीचं संमतीपत्र. खाली तिची सही हवी होती. आता घरातल्या कुठल्याही कागदावर चंद्रिकाची सही मीच करतो. रेशनकार्ड असो, बँक असो, गॅसचं पुस्तक असो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनची सवय. कामं अडत नाहीत. 'चं' वरचं टिंब मी जरा मोठं काढतो, एवढीच तिच्या सहीची खूण. माझ्या स्वतःच्या सहीपेक्षा ती मला बरी येते.

मी सही केली तेव्हा ती दहा पावलांवर भाकऱ्या थापत होती. परातीतला तो थाप थाप आवाज मला नीट ऐकू येत होता.

३

जाहिरात पहिल्यांदा दाखवली ती बसूनं. बसवेश माझा शाळेपासूनचा दोस्त. नवी पेठेत त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नाच्या हंगामात त्याला जेवायला वेळ नसतो. तरी त्या दिवशी तो स्टुडिओ टाकून घरी आला आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"काय बे गुरू, वहिनीला मॉडेल केलास व्हय? फुकट दिलास ना? खरं सांग."

"नाव आलंय की खाली."

"नाव काय फोडणीला घालतोस का बे? तुमच्यासारख्या हौश्यांनी आमचं दुकान बसवलं बघ. मागितलं की दे, मागितलं की दे. उद्या कोणी घर मागितलं तर किल्ली देशील." एवढं बोलून तो हसला आणि म्हणाला, "पण फोटो लई भारी हाय."

मी मोबाइल हातात घेतला. आमची मागची खोली, आमचं ऊन, सुपासह चंद्रिका. वर मोठ्या अक्षरांत 'जरा टेका', खाली माझं नाव, दोन्ही द जिथल्या तिथं. मी आधी नावच बघितलं. मग फोटो.

फोटोत ती जिन्याच्या दाराकडं बघत होती. सूप एका बाजूला कललं होतं आणि तिच्या पायाशी फरशीवर ज्वारीचे चार-पाच दाणे पडले होते. भिंतीवरच्या घड्याळात तीन त्रेचाळीस झाले होते.

मी संगणक उघडून माझ्या फ्रेम बघितल्या. चारशे सतरा, अठरा, एकोणीस. विसावी म्हणजे कंपाउंडवरचं मांजर. मध्ये कुठंही आकडा सुटलेला नव्हता. चौथी फ्रेम मी काढलीच नव्हती.

"एआय हाय बे ते," बसू चहात पाव बुडवत म्हणाला. "परवा मी एका नवरदेवाला डोक्यावर केस लावून दिलो. त्याच्या सासूनं वळखला न्हाई."

हे पटण्यासारखं होतं. यंत्रानं मान वळवली, यंत्रानं काटा सरकवला. मी पटवून घेतलं. फक्त चहा पिताना मला राहून राहून वाटत होतं की ते दाणे यंत्राला कसे सुचले.

४

चंद्रिकाला शेजारच्या अक्कम्मांकडून कळलं. अक्कम्मा पंच्याहत्तरच्या, मूळच्या अक्कलकोटकडच्या. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी ती जाहिरात बघितली आणि गल्लीभर सांगत सुटल्या. चंद्रिका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढत नाही कधी, तेव्हाही चढला नाही.

"कुणाला विचारून दिला?"

"अगं, फोटो मी काढलाय."

"आणि चेहरा?"

मला हसू आलं. मी म्हटलं, लोक पैसे देऊन जाहिरातीत जातात आणि तू घरबसल्या गेलीस. ती हसली नाही. मग मी विषय बदलावा म्हणून यंत्राची गंमत सांगितली. मान कशी वळवली, दाणे कसे सांडले.

"सांडले होते की," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मी उठले. उठायला म्हणून वळले तेव्हाच सूप कलंडलं. चार-पाच दाणे पडले ते मी नंतर वेचले."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला मला. "मग?"

"मग काय. गेले."

"कुठं गेलीस?"

"एकतीस वर्षांत आज विचारलंत," ती म्हणाली. आणि मग, स्वयंपाकघरात जाता जाता, "तो फोटो काढून टाकायला सांगा त्यांना. मला नाही आवडलं. सगळ्यांनी बघायलेत असं वाटतंय अंगावर."

मी म्हटलं, "बघतो." कचेरीत आम्ही 'बघतो' म्हणायचो तेव्हा तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी जायचा.

त्याच रात्री ऋतुराजचा दुसरा मेल आला होता. जाहिरात लोकांना फार आवडली होती. मोठा फलक लावायचा विचार होता, तोही माझ्याच गावात, माझ्या नावासकट. जुनी संमती चालेल, फक्त माझा होकार हवा. चंद्रिका आत भाकऱ्या थापत होती. मी विचार केला, फलक एकदा लागू दे, चार दिवस मिरवू, मग काढायला सांगू. मी होकार कळवला. हे मी लपवू शकलो असतो, पण आता कुणापासून लपवायचं?

५

फलक सात रस्त्याला लागला, सिग्नलच्या वर. आमची रविवारची मंडळी खास बघायला गेली, मला मध्ये उभं करून फोटो काढले, पेढे मागितले. मी हसत होतो आणि वर बघायचं टाळत होतो. सगळे गेल्यावर मी पलीकडच्या फुटपाथवरून नीट बघितलं.

घड्याळात तीन सेहेचाळीस. सूप कट्ट्यावर ठेवलेलं. चंद्रिका उठत होती. एक हात गुडघ्यावर, दुसरा कट्ट्याला टेकलेला. गुडघे दुखतात तिचे, ती नेहमी अशीच उठते. तिच्या डोक्यावर 'जरा टेका' लिहिलेलं. खाली रिक्षा, बस, सायकली जात होत्या, कुणी वर बघत होतं, कुणी नव्हतं.

घरी आलो तर ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, मांडीवर सूप. जेवायची वेळ टळून गेली होती. मी हाक मारली. तिनं "हं" म्हटलं, पण ते "हं" यायला इतका वेळ लागला की मी तोवर दोनदा हाक मारून झालो होतो. त्या दुपारी मीच भात टाकला.

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. ती कमी उठू लागली. चहा पुढं ठेवला तर त्यावर साय धरायची. सुपात ज्वारी तेवढीच. घरातला भाकरीचा आवाज बंद झाला. मी रिक्षानं डॉक्टरांकडं नेलं. तिथंही ती गप्प होती, पण तपासणीला हात पुढं केला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब छान आहे, नाडी छान आहे, या वयात बायकांना थकवा येतो, उन्हाळाही कडक आहे. गोळ्या लिहून दिल्या. मी मनाशी म्हटलं, बघ, काही नाही.

मला त्या दिवसांत दुपारी विलक्षण झोप यायची. मागच्या खोलीत जमिनीवर आडवा व्हायचो तिच्या समोर. जाग यायची तेव्हा ती त्याच जागी, मान खाली. अर्धवट झोपेत वाटायचं की मी एखाद्या फोटोच्या तळाशी पडलोय आणि वरून कुणीतरी आम्हाला बघतंय. भीती नव्हती त्यात. उलट बरं वाटायचं, हे सांगायला लाज वाटते.

६

तिसरी जाहिरात शहर बसच्या पाठीवर होती. मी पार्क चौकात रस्ता ओलांडायला थांबलो होतो आणि बस समोरून वळली. चंद्रिका पाठमोरी. जिन्याच्या दाराशी उभी, पदर खोचलेला, हात कडीवर. घड्याळात तीन एकोणपन्नास. बस सुटली आणि ती माझ्यापासून लांब लांब गेली. मी तिच्या मागं चार पावलं पळालोसुद्धा. एका रिक्षावाल्यानं शिवी दिली.

घरी येऊन मी तडक मागच्या खोलीत गेलो. ती कट्ट्यावर होती. मी तिच्यासमोरून जाऊन जिन्याची कडी काढली आणि गच्चीवर चढलो. चादरी वाळत घातलेल्या असतात तेव्हा मी वर जायचो, फोटोसाठी. एरवी नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक पाट होता, आणि टाकीखाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात कन्नड वर्तमानपत्राच्या घड्या आणि एक शंभर पानी वही.

वही कन्नडमध्ये होती. कन्नड आमच्या घरची बोली, मी आईशी तेच बोलायचो. पण लिपी मला येत नाही, मी मराठी शाळेत शिकलो. चंद्रिका सातवीपर्यंत माहेरच्या गावी कन्नड शाळेत होती. हे मला ठाऊक होतं, म्हणजे कधीतरी ऐकलं होतं. पानापानांवर बारीक, गोल, एकसारखं अक्षर. प्रत्येक पानाच्या शेवटी एकच आकार, खाली एक छोटी रेघ. मला वाचता येत नव्हतं, तरी ती सही आहे हे कळायला बत्तीस वर्षांची कारकुनी पुरेशी होती.

ती तिची सही होती. मी जी करत आलो, ती कुणाचीच नव्हती.

"गुरू, तू व्हय?" शेजारच्या गच्चीवरून अक्कम्मांनी हाक मारली. त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. "चंद्रिका कुटं हाय रे? आठ दिस झाले दिसंना. रोज दुपारी येती की हितं. आमी दोघी पेपर वाचतो, ती एक पान, मी एक पान. लई छान वाचती. मग त्या वहीत कायबाय लिवती."

"बरं नाही तिला. खाली बसलीय खिडकीत."

"खिडकीत?" अक्कम्मांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आत्ताच गल्लीतनं आले मी. खिडकी उघडी हाय, पर तितं कोण न्हाय."

मी म्हटलं, उन्हातनं आत बघितलं की अंधारच दिसतो. त्यांना ते पटलं. मलाही पटलं, जिना उतरेपर्यंत.

७

आता मला एकच गोष्ट हवी होती. फोटो मागं घ्यायचा. फलक उतरू दे, बस रंगवू दे, माझं नाव पुसून टाकू दे. ती उठायला हवी, भाकरी थापायला हवी, वाटलं तर माझ्याशी आयुष्यभर न बोलो. मी ऋतुराजला लिहिलं, दोन ओळींत, हात जोडून.

उत्तर सकाळी आलं. 'सर, आपल्या भावना समजतात. मात्र छायाचित्रातील व्यक्तीनं संमती दिलेली असल्यानं ती मागं घेण्यासाठी त्याच व्यक्तीची सही लागेल.' सोबत कागद.

मी कागद आणि पेन घेऊन मागच्या खोलीत गेलो. सकाळचे नऊ वाजले होते. मी दारातच थांबलो. चंद्रिकाच्या चेहऱ्यावर ऊन होतं. गालावर, कानातल्या कुडीवर, सुपातल्या दाण्यांवर तिरपं, पिवळं ऊन. पश्चिमेच्या खिडकीत सकाळी ऊन कुठलं? खिडकीबाहेरची भिंत सावलीत होती, कट्टा सावलीत होता. ऊन फक्त तिच्यावर होतं. तिची मान आता खाली नव्हती. ती किंचित वर उचललेली होती.

मी तिच्या बोटांत पेन दिलं. हात गरम होता, उन्हात ठेवलेल्या पितळी तांब्यासारखा. "चंद्रिका, एवढी सही कर गं," मी म्हटलं. "तुझी. त्या वहीतली. मी विचारतोय तुला, ऐकतेस ना? मी चुकलो. मी आधी विचारायला हवं होतं." मी रडत होतो, ते माझ्या लक्षात आलं नाही. पेन तिच्या बोटांतून निसटून सुपात पडलं. आवाज आला नाही.

आणि मग मी काय केलं? मी गच्चीवरून वही आणली, काचेवर धरून तिची सही कागदावर गिरवली आणि पाठवून दिली. तीन प्रतींत.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'सर, सही जुळत नाही. संबंधित व्यक्तीनं स्वतः लिहिलेलं पत्र आमच्याकडं आहे. प्रत जोडली आहे. नव्या जाहिरातीचा नमुनाही सोबत पाठवत आहे. आपला, ऋतुराज.'

नमुना आधी उघडला. आमची मागची खोली. कट्ट्यावर सूप, फरशीवर चार-पाच दाणे. कट्ट्यावर बसलेलं कुणी नाही. जिन्याचं दार उघडं आणि वरून पायऱ्यांवर उतरलेला उजेड. तीन एक्कावन्न. सर्वात वरच्या पायरीवर साडीची कड दिसत होती, नुसती कड, निघून जाणाऱ्या माणसाची. खाली माझं नाव ठळक होतं.

मग पत्र उघडलं. कोऱ्या कागदावर कन्नडमध्ये दोन छोट्या ओळी. बारीक, गोल अक्षर. खाली तो आकार आणि छोटी रेघ. माझ्या गिरवण्यात ती रेघ सरळ आली होती. हिच्यात ती शेवटी जरा वर गेली होती, लिहिणारा उठायच्या घाईत असल्यासारखी.

८

मी पत्राचा कागद छापून घेतला आणि अक्कम्मांना बोलावून आणलं. दुपार झाली होती. त्या चष्मा पुसत पुसत मागच्या खोलीत आल्या.

"वाचा एवढं," मी म्हटलं.

त्यांनी कागद लांब धरला, मग जवळ घेतला. "हे तर चंद्रिकाचं अक्षर," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचलं, "इन्मुंदे अवर्न्न केळबेड्री. नन्न केळ्री."

ऐकून कन्नड मला कळतं. यापुढं त्यांना विचारू नका. मला विचारा.

"कुणाला लिवलंय हे?" अक्कम्मांनी विचारलं. त्यांनी खोलीत इकडंतिकडं बघितलं, उघड्या खिडकीकडं, जिन्याच्या दाराकडं. "आन् ही गेली कुटं रे सूप टाकून? लई दमले बाबा मी." असं म्हणत त्या कट्ट्याकडं वळल्या आणि टेकायला म्हणून पाठ केली.

"तिथं नका बसू!"

माझा आवाज इतका मोठा झाला की त्या दचकल्या. मी म्हटलं, "ती बसलीय तिथं."

अक्कम्मांनी कट्ट्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाल्या, "कवापासनं रे गुरू असं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "तू बस. मी बसूला फोन करते," म्हणत भिंतीला धरत धरत बाहेर गेल्या.

मी दारात खाली बसलो, जिथं त्या दिवशी कॅमेरा घेऊन उभा होतो तिथंच. घड्याळ चालू होतं. तीन चाळीस झाले, तेव्हा खिडकीतून खरं ऊन आत आलं आणि तिच्यावरच्या उन्हाला तंतोतंत येऊन मिळालं. वर गच्चीवर कुणीतरी पाट सरकवल्यासारखं वाटलं. मी उठलो नाही. वर जायची परवानगी मला कुणी दिली नव्हती.

मी तिच्याकडं बघत बसलो. इतका वेळ मी तिच्याकडं कधीच बघितलं नव्हतं. कपाळावर उजवीकडं एक लहान व्रण आहे, तो कधीचा ते मला माहीत नाही. मी वाट बघत होतो, ती माझ्याकडं वळेल आणि म्हणेल, पुरे की आता.

मग माझ्या लक्षात आलं. ते ती तिसऱ्या फ्रेममध्ये म्हणाली होती. मी साइटवर टाकला होता तो दुसरा फोटो, त्यात तिनं अजून कुणाकडं बघितलं नव्हतं.